तुम्ही विचारलंत म्हणून : माळ्यावरची चिकटपट्टी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेली एखादी तरी बाई घरभर नजर फिरवून विचारतेच, "अहो, डोंबिवलीतलं वन बीएचके, माणसं चार. सामान ठेवता कुठे? आणि काय काढायचं ते तुम्हाला कळतं कसं?" मी तिळगूळ पुढे करते आणि विषय बदलते. कारण खरं उत्तर सुरू होतं ते त्यांनीच गेल्या आठवड्यात मला दिलेल्या वाणापासून.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या सोसायटीत घरोघरी जाणं असतं. एका वर्षी मी सगळी वाणं ओट्यावर मांडून मोजली. चहाच्या गाळण्या चार, प्लॅस्टिकच्या टोपल्या तीन, साबणाच्या डब्या दोन, एक वाटी आणि एक रंगीत मेणबत्ती. अकरा वस्तू, आणि त्यातली एकही मी विकत घेतली नसती. चहा तर आम्ही पहिल्यापासून एकाच गाळणीतून गाळतो. ती तुटेल तेव्हा असू दे, म्हणून चारही आत गेल्या. कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नको ओ ताई, मलाही पाच घरांतून गाळण्याच आल्यात."

माझ्या मते आपल्या घरातला पसारा बाजारातून जितका येतो तितकाच भिडेखातर येतो. ओटीतले ब्लाउजपीस, बारशाला आलेल्या फोटोफ्रेमा, लग्नाच्या आहेरातले लेमनसेट. नाही म्हणता येत नाही आणि वापरताही येत नाही. ब्लाउजपीस तर इतके फिरतात की मी दिलेला एक मोरपंखी तुकडा तीन वर्षांनी परत माझ्याच ओटीत आला. घडीवरची चुरगळ तशीच होती. तेव्हापासून मी संपणारं वाण देते, कधी पावशेर गूळ, कधी हळदीची पुडी. एकदोघी मागून कंजूष म्हणाल्या, ते कानावर आलं. म्हणू देत.

दारातून येणारं थोडं आटोक्यात आलं, तरी माळा होताच. माळ्यावर काय आहे हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं, आणि माझ्या लेखी पसारा ओळखायची खूण तीच. जे आपल्याकडे आहे हे विसरून आपण दुसरं विकत आणतो, ते असून नसल्यासारखंच. आमच्याकडे एक्स्टेंशन बोर्ड तीन निघाले. नोकियाच्या बारीक पिनचे दोन चार्जर निघाले, फोन मात्र एकही नाही. श्रीखंडाचे डबे सतरा आणि झाकणं नऊ. ती नऊही त्याच डब्यांची नव्हती.

आणि पिशव्या! राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून साड्यांच्या दुकानांतून त्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या येऊ लागल्या. मी त्या कापडी समजून जपल्या, एका पिशवीत पन्नास तरी कोंबलेल्या. दोनतीन वर्षांनी ओढायला गेले तर हातात निळा भुगा आला. ते कापड नव्हतंच, पॉलिप्रॉपिलीन होतं, म्हणजे प्लॅस्टिकच. तो भुगा झाडायला अख्खी दुपार गेली.

जुन्या कपड्यांसाठी आमच्याकडे अजून बोहारीण येते. ती पँट उजेडात धरून गुडघ्याशी विरलीय का बघते, चेन वरखाली करते, साडीचा काठ बोटांत चोळते, आणि मग तोंड वाकडं करून म्हणते, "अजून दोन टाका वैनी." घासाघीस करण्यात मजा असते, ती मी नाकारत नाही. पण हिशोब बघा: पाच साड्या आणि तीन पँटी गेल्या आणि झाकणाचा टोप आला. टोप कुठे ठेवला? माळ्यावर. असे चार टोप झाल्यावर मी कपडे मावशींना आधी दाखवायचं ठरवलं. उरलेल्यावर बोहारणीकडून मोठं भांडं घ्यायचं नाही, रोजच्या वापरातला चमचा किंवा झारा घ्यायचा. ती माझ्यावर नाराज आहे.

आता चिकटपट्टी. दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावर परत जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर, खोक्यावर मी चिकटपट्टी लावते आणि त्यावर तारीख घालते. दिवाळी ते दिवाळी, म्हणजे मधले सगळे सण, पावसाळा, परीक्षा, पाहुणे त्यात येऊन जातात. पट्टी न फाटता पुढची दिवाळी आली, तर खोकं खाली उतरतं आणि जिन्याशीच वाटणी होते. कागद रद्दीवाल्याला, धातू भंगारवाल्याला, वायरी ई-कचऱ्यात. खोकं उघडून आठवणी काढत बसायचं नाही. सासूबाईंना ही पद्धत मुळीच मान्य नाही. त्यांचं एकच वाक्य, "लागतं कधीतरी."

त्यांचं एकदा खरं ठरलं, तेही सांगायला हवं. सासरे गेले त्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. होळीला पोळी नाही, पाडव्याला गुढी नाही. दिवाळीला मी नेहमीप्रमाणे माळा उतरवला. पुरणयंत्राच्या खोक्यावरची पट्टी जशीच्या तशी होती, त्यामुळे तेही भंगारात गेलं. का फाटली नाही, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. पुढच्या होळीला डाळ शिजवून मी माळ्याकडे हात केला आणि तसाच खाली घेतला. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. गव्हाची चाळण पालथी घातली, वाटीच्या बुडाने डाळ घासायला लागल्या. चार वाट्यांचं पुरण व्हायला दीड तास लागला, आणि त्यांच्या मनगटाला दोन दिवस बाम चोळावा लागला.

नवं यंत्र मी त्याच आठवड्यात आणलं. ते माळ्यावर नाही, तांदळाच्या डब्यामागे असतं. त्यावर पट्टी आहे, पण अक्षर सासूबाईंचं. तारीख नाही, नुसतं लिहिलंय : हात लावू नये.