हातात काम नसलेली माणसं

शुक्रवार, रात्री

लाईट साडेआठला गेली ती दहाला आली. मधल्या वेळात आमच्या दोन मालिका बुडाल्या. मी जरा कुरकुर केली तर आई म्हणते, "काय्येक बुडाक नाय. काल जंय होती थंयच आसतली." आणि तसंच निघालं. गेल्या आठवड्यापासून जी सून जिन्यात उभी राहून दाराआडचं ऐकतेय, ती अजून जिन्यातच होती. चेहऱ्यावर तोच धक्का, मागे तेच ढॅण ढॅण.

आई मेणबत्तीच्या उजेडात आठळ्या सोलत बसली होती. श्रावणात मासे बंद, मग मे महिन्यात माती लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या बाहेर निघतात. वरचं पांढरं कडक साल काढायचं आणि आतलं तांबूस पातळ सालपट सुरीच्या पाठीने खरवडायचं. तिला बघावं लागत नाही, बोटांना कळतं. लाईट आल्यावर तिने फक्त तोंड टीव्हीकडे केलं, हात चालूच. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या बायलांका घरात कामधंदो नाय काय गो?"

मी हसले, पण मग बघतच राहिले. त्या दिवाणखान्यात सगळं कुटुंब उभं होतं आणि झाडून सगळ्यांचे हात रिकामे. एकीच्या हातात पूजेचं ताट होतं, तेही ती रडताना पडणार म्हणूनच दिलेलं. पडलंच.

आता मला कुठलीही मालिका सुखाने बघता येणार नाही. आमच्याकडे कोणी नुसतं बोलत बसतच नाही. भांडण झालं तरी भाजी निवडता निवडता होतं. गेल्या दिवाळीत वहिनी आणि दादाचं कडाक्याचं वाजलं तेव्हा ती माडाच्या चुडताचे हीर काढत होती. शब्द चढत गेले तशी सुरी जोरात चालायला लागली, आणि भांडण संपेपर्यंत दोन वाढवणींपुरते, म्हणजे दोन झाडूंपुरते, हीर तयार होते. असा प्रसंग पडद्यावर आला तर मला पार्श्वसंगीत नको, नुसता सुरीचा आवाज पुरे.

शनिवार

दुपारभर पाऊस, दुकानात गिऱ्हाईक नाही. मोबाईलवर 'रात्रीस खेळ चाले'चे जुने भाग बघितले. पहिला, २०१६ चा.

ही मालिका सुरू झाली तेव्हा आमच्याकडे काय गदारोळ झाला होता! कोकणाची बदनामी झाली, अंधश्रद्धा पसरते, बंद करा. आणि तीच माणसं रात्री साडेदहाला टीव्हीसमोर. आमचे शेजारचे तात्या निषेधाच्या कागदावर सही करून आले आणि घरी येताच विचारलं, सुरू झाली काय? माझ्या मते राग भुतांचा नव्हताच. भुतं, देवचार, राखणदार यांच्याबद्दल आम्ही स्वतः पावसाळ्यात रात्र रात्र बोलतो. राग आला तो इस्टेटीच्या भांडणामुळे. म्हातारा गेला, भावंडं गोळा झाली आणि प्रत्येकाची नजर सातबाऱ्यावर. हे बघताना घराघरात माणसं जरा सावरून बसली. सामायिक जमीन, मुंबईतले हिस्सेदार, मागच्या दारची फणसाची झाडं कोणाची, हा विषय निघाला की आमच्याकडे राखणदार वेतोबाच्या वाटेपेक्षा जास्त काळोख होतो.

मालिकेतलं आकेरीचं ते घर कुडाळहून सावंतवाडीला जाताना लागतं. चित्रीकरण चालू होतं तेव्हा चाकरमानी गणपतीला आले की देवदर्शन झाल्यावर नाईकांचा वाडा बघायला जायचे. मीही गेले होते, का नाही जाणार? अंगणात उभं राहून वाटलं, एवढंच आहे? कॅमेऱ्याने घर केवढं मोठं केलं होतं.

आईच्या निकषावर मालिका निम्मी पास. बायका कामात असायच्या, चुलीपाशी, पाण्यापाशी. पांडू तर राबत राबतच 'इसारलंय' म्हणायचा. तो पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, म्हणूनच त्या तोंडात मालवणी नीट बसली असणार. आणि २०१९ च्या दुसऱ्या भागात पहिल्यात गेलेला तो म्हातारा, अण्णा, जिवंत झाला, म्हणजे काळ मागे नेला, तेव्हा मजा आली. माधव अभ्यंकरांचे अण्णा स्वतः काडी इकडची तिकडे करत नाहीत, पण ते शोभतं, कारण गावात सावकारी करणारा माणूस असाच असतो. त्याचं काम म्हणजे दुसऱ्याला काम सांगणं. ओटीवर बसून नुसती नजर फिरवली तरी माणसं उठायची. अण्णांची शेवंता आल्यावर तर आमच्याकडे जेवणाची वेळ बदलली. अपूर्वा नेमळेकरच ती शेवंता. पुढे तिसऱ्या भागात ती बाई बदलली आणि माझा जीव उडाला. वहिनी म्हणते, भूत एकदा ठरलं की त्याचा चेहरा बदलू नये. बरोबर आहे तिचं.

तिसरा भाग मी अर्ध्यावर सोडला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार

मावशी गुहागरहून आलीय. तिच्यासमोर टीव्ही बघणं म्हणजे परीक्षा. तिचं नेहमीचं भांडण भाषेचं. "कोकणातलं माणूस दाखवलं की झालं, मालवणीच बोलणार. आम्ही काय समुद्रात राहतो?" खरं आहे. पालघरपासून बांद्यापर्यंत एवढा लांब किनारा. रायगडात आगरी, संगमेश्वराकडे संगमेश्वरी बोली, चित्पावनांची वेगळी, मुसलमान वाड्यांवरची आणखी वेगळी. पण पडद्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच ठेक्यातली मालवणी, आणि तीही शिव्यांची फोडणी दिलेली. यात थोडा दोष आमच्या मच्छिंद्र कांबळींचा म्हणायचा का? 'वस्त्रहरण'ने एवढे प्रयोग केले, एवढं हसवलं, की मालवणी म्हणजे विनोद हे सगळ्या महाराष्ट्राने धरूनच ठेवलं. गवाणकरांच्या त्या नाटकात गावातल्या नाटकवाल्यांची फजिती आहे, पण माया पण आहे. नंतरच्यांनी फजिती तेवढी उचलली.

मावशीला शांत करायला संध्याकाळी 'किल्ला' लावला. तिच्या भागातलाच. अविनाश अरुणचा. वडील गेल्यावर आईची बदली कोकणात होते आणि पुण्याचा मुलगा इथल्या शाळेत येतो, एवढीच गोष्ट. २०१४ साली बर्लिनला बक्षीस मिळालं, इकडे लागला पुढच्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे अगदी पावसाच्या तोंडावर. दिग्दर्शकच छायाचित्रकार असल्यामुळे असेल, पण पाऊस इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितला नाही. बाकीच्या सिनेमांत पाऊस पडतो तो नायिकेसाठी. इथे तो वहाणा, दप्तरं, भिंती, सगळ्यांत शिरतो. किल्ल्यात पाऊस कोसळतो आणि त्या पोराला सोडून बाकीचे निघून जातात, तिथे मावशीने "मेल्यांनो!" म्हणून टीव्हीलाच दटावलं. मावशी मालवणी नाही, बरं का.

अमृता सुभाषची आई सरकारी नोकरीत आहे आणि ती खरोखर नोकरी करते. टेबल, फायली, वरच्यांचा दबाव. घरी आली की दमलेली असते आणि दमलेल्या माणसासारखी मुलाशी बोलते. आणि तो मुलगा मच्छीमाराच्या होडीतून समुद्रात जातो तेव्हा त्या माणसाचं सगळं अंग कामात असतं. त्याला मुलाचं दुःख समजावून घ्यायला वेळच नाही. तरी काहीतरी हलकं होतं. आईने हे सगळं बघून एकच शेरा दिला, "ह्यां बरां आसा." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आमच्या घरात निघत नाही.

मंगळवार

दादाशी फोनवर वाद. तो मुंबईत राहून म्हणतो, कोकणावर चांगले सिनेमे येतच नाहीत. मी त्याला हिशेबच दिला. मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक पाच वेळा मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. यातले तीन आपले. श्यामची आई पालगडची, दापोली तालुका. अत्र्यांच्या त्या सिनेमाला १९५४ मध्ये पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालं आणि मग थेट पन्नास वर्षं मराठीला काही नाही. तो दुष्काळ मोडला कोणी, तर कोकणातल्या एका आजोबाने.

'श्वास' मी परत बघणार नाही. वाईट आहे म्हणून नाही, झेपत नाही म्हणून. नातवाच्या डोळ्यात कॅन्सर, डोळे काढल्याशिवाय जीव वाचणार नाही, आणि ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला घेऊन हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर पडतात, जग दाखवायला. अरुण नलावडेंनी त्या माणसाला कुठेही मोठं केलं नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत गावचा माणूस कसा उभा राहतो, कागद कसा धरतो, डॉक्टरचं वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून कसा मान हलवतो, ते मी आमच्याच घरात बघितलंय. बाबांच्या वेळी. तिथेही एकाने आम्हाला खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे अर्धा दिवस नाचवलं होतं. असो.

'कासव' दादाने बघितलेलाच नाही. मला तो थोडा शिकवणीचा वाटतो, माणसं जरा जास्तच समंजस. पण किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारा माणूस आहे त्यात, मोहन आगाशे, आणि तो राखणदारी करतो ती अगदी चोख. वाळू, जाळी, कुत्र्यांना हाकलणं. वेळासला लोक हे खरंच करतात.

दादाचं पुढचं अस्त्र 'तुंबाड' आणि 'मुंज्या'. दोन्ही हिंदी. पहिला २०१८ चा, तेव्हा फारसा चालला नाही आणि २०२४ मध्ये पुन्हा लावल्यावर आधीपेक्षा जास्त कमावून गेला. तुंबाड हे खेड तालुक्यातलं खरं गाव, आणि श्री. ना. पेंडशांची तुंबाडवरची जाडजूड कादंबरी वाचनालयात आहे. कुणी तरी सिनेमातला राक्षस हस्तर शोधायला ती घरी नेली असेल आणि खोतांच्या पिढ्या वाचून दमून परत केली असेल. सिनेमा मला आवडला, घाबरलेसुद्धा. 'मुंज्या' आदित्य सरपोतदारचा. त्याचाच 'नारबाची वाडी' मला दहा 'मुंज्यां'पेक्षा प्रिय. सोडमुंज व्हायच्या आधी गेलेलं पोर पिंपळावर बसतं, हे आजीने सांगितलं की अंगावर काटा यायचा. संगणकाने दाखवलं की हसू येतं.

गुरुवार

आज वहिनीने विषय काढला, 'दशावतार' सिनेमाचा. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही सगळ्या गाडी करून थिएटरला गेलो होतो. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी, डोळे अधू होत चाललेले, मुलगा म्हणतो आता रंगभूमी सोड. इथपर्यंत मी खुर्चीच्या टोकावर होते. पुढे खाणवाले आणि बदला सुरू झाला तेव्हा थोडी मागे टेकले. तिथे सिनेमा सिनेमासारखा वागायला लागतो. पण खाणीचा विषय खोटा नाही. कळण्याला दोडामार्गातली माणसं किती भांडलीत ते आम्हाला माहीत आहे.

मला कुरकुर करायची आहे ती वेगळीच. दशावतारी सिनेमात दिसला की लगेच मंचावर दिसतो, मुकुट घालून, डोळे वटारून. खरी गंमत त्याआधीची. जत्रेला देवळाच्या मागे कंदिलाच्या किंवा एका बल्बच्या उजेडात नट आपापल्या पेटाऱ्यापाशी बसतो, हातभर अंतरावर आरसा टेकवतो आणि स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. रंगवणारा वेगळा माणूस नसतो. आधी सगळ्या चेहऱ्याला एकच रंग, मग भुवई. भुवई काढताना श्वास धरतो. दिवसा बागेत माडाचे कवाथे लावणारा, नाहीतर रिक्षा चालवणारा माणूस बघता बघता द्रौपदी होतो, आणि मध्येच बाजूच्याला विचारतो, तुझ्या म्हशीचं काय झालं? संहिता नाही, आख्यान ठरलेलं, बाकी सगळं तोंडाला येईल ते. पहाटेपर्यंत. अशी पंधरा मिनिटं कोणी न कापता दाखवली असती तर मी तिकिटाचे दुप्पट पैसे दिले असते.

तसंच देवाला घालतात त्या गाऱ्हाण्याचं. पडद्यावर गाऱ्हाणं म्हणजे दोन ओळी आणि "व्हय म्हाराजा", की लगेच वीज चमकते. खरं गाऱ्हाणं लांबलचक असतं, त्यात मुंबईच्या पोरांची नोकरी, कोर्टातली तारीख, वांझ राहिलेलं कलम, सगळं येतं. एकेका गाऱ्हाण्यात एकेका मालिकेचा मजकूर असतो आणि मालिकावाले नारळ फुटल्याबरोबर कट म्हणतात.

आणि मला एक मालिका हवी आहे. भूत नको, वाडा नको. आंब्याचा हंगाम. मोहर आल्यापासून शेवटच्या पेटीपर्यंत. तुडतुडा, थ्रिप्स, फवारणीची उधारी, राखणीला आलेले नेपाळी गडी, अवकाळी पाऊस, पेंढा घालून पेट्या भरणाऱ्या बायका, वाशीतला दलाल फोन उचलत नाही. हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा पेढे वाटले गेले, पण टीव्हीवर आंबा अजून फक्त उन्हाळ्याच्या जाहिरातीत. त्या मालिकेत सगळ्यांचे हात सतत कामात असतील, त्यामुळे कोणाला जिन्यात उभं राहून ऐकायला वेळ मिळणार नाही. टीआरपी पडेल, मान्य. आई आणि मावशी दोघी बघतील.

शुक्रवार

सकाळपासून लाईट नाही. वहिनी म्हणते संध्याकाळी 'नारबाची वाडी' लावू. मूळचं बंगाली नाटक, पण माडाखालचा तो म्हातारा बघून कोणाला खरं वाटणार नाही. मरायला टेकलेला नारबा मरतच नाही, आणि वाडी मिळेल म्हणून महिन्याला पैसे मोजणारा खोत झिजत जातो. कालचा बाबुली आणि आजचा नारबा, दोन्ही प्रभावळकरच, त्यात नारबा भारी ठरेल असं मला वाटतं. तात्यांकडे इन्व्हर्टर आहे. त्यांना विचारायला हवं, आणि रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून आईने आठळ्यांचा डबा भरून ठेवलाय. सोललेल्या नाहीत. त्या तिथे बसून सोलायच्या म्हणे.