भर मे महिन्यात सिमेंटच्या गोडाऊनमध्ये ८० टक्के ओलावा

चोपड्याजवळ एका कॉन्ट्रॅक्टरच्या सिमेंट गोडाऊनला आम्ही लोराचे (कमी बॅटरीत लांबवर सिग्नल पाठवणारं रेडिओ तंत्र) वायरलेस सेन्सर लावलेत, टेम्परेचर आणि ह्युमिडिटीचे (हवेतल्या ओलाव्याचे). ते ज्या रेडिओ पट्ट्यात चालतात त्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन लागत नाही, बॅटरीवर चालतात, वायर ओढायची भानगड नाही, फक्त गेटवेचा (सेन्सरचे सिग्नल गोळा करून इंटरनेटवर पाठवणारा डबा) अँटेना शेडच्या बाहेर काढायचा कारण पत्रा सिग्नल खातो. लावले होते पावसाळ्यासाठी आणि पहिला अलार्म आला मे महिन्यात!

खान्देशातला मे सांगायला नको, पारा ४४ च्या पुढे आणि हवा कोरडी ठणठणीत. सकाळी मोबाईल बघतो तर सगळे सेन्सर २० टक्क्यांच्या आत आणि मागच्या भिंतीकडचा एकटा ८० वर. गोडाऊन सांभाळणारे आप्पा म्हणाले, "भाऊ, हाऊ डबा खराब शे," म्हणजे सेन्सरच बिघडलाय. कोणीही तेच म्हटलं असतं. पण मला टेम्परेचर खटकलं, दुपारी बाकीचे ४३ आणि तो ३२, म्हणजे तिथे काहीतरी सुकतंय आणि सुकताना गारवा सोडतंय.

तरी खात्री पाहिजे म्हणून मिठाची टेस्ट केली. घट्ट झाकणाच्या डब्यात साधं मीठ थोडं पाणी घालून चिखलासारखं करायचं, पूर्ण विरघळू द्यायचं नाही, पाणी न लागता सेन्सर आत ठेवायचा, काही तासांनी डब्यातली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. संध्याकाळी ७६ दाखवत होता. सेन्सर ठणठणीत, मग थप्पी उतरवायला घेतली.

ताडपत्री काढली तर पोती भिंतीला चिकटूनच. आयएस ४०८२ मध्ये, म्हणजे बांधकामाचा माल साठवण्याच्या भारतीय मानकात, स्पष्ट आहे की भिंतीपासून ६० सेंटीमीटर जागा सोडा, जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर फळ्यांवर रचा, दहा पोत्यांच्या वर थप्पी नको. फळ्या होत्या, उंची बरोबर होती, जागा तेवढी सोडली नव्हती कारण जास्तीचा माल बसवायचा होता. भिंतीवर ओलीचा काळा पट्टा कमरेपर्यंत चढलेला. मागे जाऊन बघितलं तर केळीचं शेत, ठिबकची नळी जॉइंटला निसटलेली आणि रात्री लाईट आली की मोटार सुरू होऊन पाणी सरळ पायाशी साचत होतं, काळी जमीन, ते जाणार कुठे. शेतवाले दादा स्वतःच धावत आले, त्यांचंही पाणी फुकट चाललं होतं, जॉइंट लगेच बसवला.

भिंतीकडच्या पोत्यांचे कोपरे दगड झालेले. सिमेंटला ओल लागली की त्याची पाण्याशी रिॲक्शन पोत्यातच सुरू होते आणि तेवढी ताकद गेली ती गेली, कुटून चाळून परत येत नाही. माझं मत, गुठळी चिमटीत फुटत नसेल तर ते पोतं बांधकामाला अजिबात वापरू नये. पुढच्या रांगेतली पोती हाताला मऊ लागत होती पण हाताच्या अंदाजावर कोणाच्या डोक्यावर स्लॅब कसा टाकायचा? दोन दिवसांवर स्लॅब होता, मी कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं की लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत या थप्पीतलं सिमेंट वापरायचं नाही. कुरकुरले, पण भिंत हात लावून बघितल्यावर स्लॅब पुढे ढकलला आणि दगड झालेली पोती त्याच दिवशी बाहेर काढली.