आधी एक थर खाली उतरा

फ्रँकफर्टला आल्यापासून कोल्हापूरच्या पोरांचा एकच प्रश्न ऐकतोय : "मामा, आता नेमकं काय शिकू?" 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून त्या प्रश्नात धास्तीही असते. राजारामपुरीतला क्लास एक सांगतो, यूट्यूब दुसरंच. माझं मत सरळ आहे. रोजचं काम ज्याच्या जिवावर चालतं, तो खालचा थर आधी शिका.

इथं मी बँकिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमचा एक रिपोर्ट उघडायला कितीतरी मिनिटं घ्यायचा. सर्व्हर वाढवा, असंच सगळे म्हणत होते. टीममधल्या एका नव्या मुलीनं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या, आधी 'एक्सप्लेन' लिहून प्लॅन बघितला, म्हणजे डेटाबेस ती माहिती कशी शोधणार ते. अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं जात होतं. तारखेच्या कॉलमवर वर्ष काढायचं फंक्शन लावलेलं, त्यामुळं तिथला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी झटपट शोधायची सोय, कामालाच येत नव्हता. तिनं अट बदलून 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी केली आणि रिपोर्ट लगेच उघडायला लागला. मला तिचा फार अभिमान वाटला.

एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं 1970 साली. त्यावर उभी राहिलेली एसक्यूएल ही क्वेरी लिहायची भाषा आजही पोट भरते. वेबसाइट बनवायचं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, आलं 2010 मध्ये आणि 2022 च्या जानेवारीत त्याचा सपोर्ट संपलासुद्धा. ज्यांची त्याखालची जावास्क्रिप्ट ही भाषा पक्की होती, त्यांना पुढचं फ्रेमवर्क जड गेलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लेथवर हात बसलेला टर्नर कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर गेला, तरी मशीनवरचा भाग का बिघडला हे तोच सांगतो.

एआयची साधनं वापराच, मीही रोज वापरतो. पण वरची ती फंक्शनवाली क्वेरी एआयसुद्धा बिनधास्त लिहून देईल. उत्तर बरोबर येईल, फक्त उशिरा येईल. ते ओळखायला माणूसच लागतो. आणि जर्मनीत यायचं असेल तर जर्मन आत्तापासून धरा. मीटिंग इंग्रजीत होते, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं नाही.

सुरुवातीला महागडा कोर्स नको. पोस्टग्रेस फुकट आहे, जुना लॅपटॉप चालतो. गावातल्या दूध संस्थेचा हिशेब असतो तसं टेबल करा : सभासद, तारीख, लिटर, फॅट. त्यात दहा लाख खोट्या नोंदी भरा. मग एका सभासदाचं महिन्याचं बिल काढा, आधी इंडेक्स नसताना आणि नंतर लावून. दोन्ही वेळचा प्लॅन शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा.