अजून चालणाऱ्या प्रिंटरसाठी: आमची वाटचाल

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यात आम्ही असेंबल केलेले कॉम्प्युटर विकायला लागलो, तेव्हा बऱ्याच ऑफिसांत कोअ‍ॅक्स केबलचं, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल तारेचं, नेटवर्क होतं. प्रत्येक कॉम्प्युटरमागे टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना तार बंद करणारे ५० ओहमचे टर्मिनेटर आणि मध्ये एक जोड सैल झाला की सगळं ऑफिस ठप्प. पुढे आरजे-४५ पिनच्या आजच्या नेटवर्क केबल आणि त्या एकत्र जोडणारे स्विच आले. आम्हीही गावोगाव केबल ओढल्या. पण आमच्या धंद्याला खरी दिशा मिळाली ती जुन्या मशीनमुळे.

खान्देशात डाळ मिल, जिनिंग आणि ट्रान्सपोर्टवाले पुष्कळ. त्यांची बिल्टी (मालवाहतुकीची पावती), वजनपावती एका वेळी तीन-चार प्रतींत निघावी लागते. सुईचा मार बसल्याशिवाय खालच्या कागदावर अक्षर उमटत नाही, म्हणून लेझर प्रिंटर इथे कामाचा नाही. सुयांनी ठिपके मारून छापणारा डॉट मॅट्रिक्सच हवा. अडचण एवढीच की नव्या कॉम्प्युटरला हा प्रिंटर जोडायचं जुनं रुंद सॉकेट, म्हणजे पॅरलल पोर्ट, नसतो. अमळनेरकडच्या एका मिलमालकांना कुणीतरी सगळंच बदलायचं कोटेशन दिलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, हाई आजून चांगलं चालस, मंग फेकानं कसाले?" त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तेव्हापासून जुनी मशीन नव्या नेटवर्कला जोडायचं काम आम्ही मनापासून धरलं.

प्रिंटरच्या ३६ पिनांच्या सॉकेटमध्ये प्रिंट सर्व्हरचा, म्हणजे प्रिंटरला नेटवर्कशी जोडणारा, डबा बसवायचा, दोन्ही बाजूंच्या तारेच्या क्लिपा आवळायच्या आणि डब्यातून केबल स्विचला न्यायची. साबणाच्या वडीएवढा हा डबा नेटवर्कवरून ९१०० नंबरच्या पोर्टवर (हे सॉकेट नव्हे, ठरलेला क्रमांक) आलेला मजकूर जसाच्या तसा प्रिंटरकडे ढकलतो. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) मात्र कायमचा ठरवून द्यावा लागतो. आपल्याकडे लाईट जाते-येते. राउटर पुन्हा सुरू झाला की डब्याला नवा पत्ता देऊ शकतो, आणि सकाळी पहिली गाडी काट्यावर उभी असताना पावती निघत नाही. काही स्वस्त लेझर प्रिंटरना चालू करताना दर वेळी कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, घ्यावं लागतं. त्यांना साधा डबा चालत नाही, तिथे आम्ही आधीच नाही म्हणतो.

स्विच निवडतानाही बघावं लागतं. जुने डबे आणि नेटवर्क कार्डं १० एमबीपीएसची असतात. साध्या गिगाबिट स्विचला ती जमतात, पण २.५ गिगाबिटच्या काही पोर्टांवर १० चा वेगच नसतो. एका टोकाला सक्तीने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) आणि दुसरं टोक ऑटोवर (आपलं आपण ठरवणारं), असं झालं की लिंकचा दिवा लागतो आणि तरीही प्रिंट रखडत निघते. अशा वेळी दोष प्रिंटरला देतात, बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधले डॉसचे (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे) हिशेब अजून बऱ्याच पेढ्यांवर चालतात. तो प्रोग्रॅम छापायला फक्त एलपीटी१, म्हणजे पहिला पॅरलल पोर्ट, ओळखतो. ३२ बिटच्या विंडोजवर 'नेट यूज'ची एक कमांड देऊन एलपीटी१ शेअर केलेल्या प्रिंटरला जोडली की त्याचं काम भागतं.

वजनकाट्याचं काम मला सगळ्यात आवडतं. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची (जुन्या सीरियल पोर्टची) तार निघते, ती साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. काटा गेटवर आणि ऑफिस आत. म्हणून तिथे सीरियल सर्व्हर, म्हणजे ही तार नेटवर्कला जोडणारा डबा, बसवून वजन नेटवर्कवर घेतो. अंतर १०० मीटरच्या वर गेलं तर तांब्याची नेटवर्क केबल पुरत नाही, फायबर (प्रकाशावर चालणारी काचेच्या तंतूची केबल) टाकतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, म्हणून ती उघड्या आवारातून गेली तरी पडलेल्या विजेचा झटका तिच्या काचेतून आत येत नाही.

जुना प्रिंटर आम्ही हौसेने वाचवतो, जुना कॉम्प्युटर मात्र जपून. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याचं फाइल शेअरिंग एसएमबी१ या जुन्या पद्धतीवर चालतं, आणि मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला. एक्सपीसाठी नव्या विंडोजवर एसएमबी१ सुरू करून द्यायला आम्ही नकार देतो, गिऱ्हाईक रागावलं तरी. मशीन ठेवायचंच असेल तर वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क), इंटरनेट बंद आणि फाइल एफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या जुन्या पद्धतीने) एकाच ठरावीक कॉम्प्युटरवर.

आता धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, रावेरपर्यंत आमची मुलं जातात. बोलावण्याआधी मशीनच्या मागच्या पोर्टांचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लागणारी केबल आणि डबा घेऊनच माणूस निघेल, तुमचा हेलपाट्याचा खर्च वाचेल.