गाण्यातून चोर पकडणारा गुप्तहेर

आजच्या तालमीत पक्कं झालं: श्लेषातून गुन्हा उकलायचा तर वस्तू आधी दिसली पाहिजे, गाणं नंतर. 'शुक्रतारा, मंद वारा' घ्या. पाडगांवकर, खळे, अरुण दाते. पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. गुप्तहेर शुक्रवार पेठेत ताराबाईंकडे पोचतो, तर पंखा रेंगाळतोय. का? चोरलेली अंगठी लपवायला जागा करायची म्हणून चोराने पंख्याच्या वरच्या वाटीतला 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून कमी क्षमतेचा बारका बसवलाय. कारण असं खरं असलं की कोटी खणखणीत वाजते! मात्र रेग्युलेटर पाचवर आहे हे सुरुवातीलाच दाखवा, नाहीतर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं. कोटी मुखड्यावरच करा. अंतरा सगळ्यांना पाठ नसतो. आणि ओळ गुणगुणल्यावर गुप्तहेराने अर्थ समजावत बसायचं नाही, थेट स्टूल मागायचं.