आमची वाटचाल: एक बग्गी, एक घोडा, एक कॉलर

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा तेव्हाचा भागीदार. एक चारचाकी बग्गी, घोड्यांची जोडी. डावीकडे पंच्या. चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी, म्हणून पंच्या. वजन 800 किलो, पण टाप टाकायचा मोजून.

तिसऱ्या वर्षी ऐन हंगामात भागीदार फुटला. उजवा घोडा नेला, निम्मी गिऱ्हाइकं नेली आणि पंच्याची कॉलरही नेली, म्हणजे गाडी ओढताना घोड्याच्या मानेत घालतात ते गादीचं कडं. म्हणे, पैसे त्याने भरले होते! मी घाईत दुसऱ्याच घोड्याची कॉलर चढवली. चूक माझीच. कॉलरच्या तळाशी, श्वासनलिकेपुढे आडवा हात जायला हवा आणि बाजूंनी ती मानेला बिलगून बसायला हवी. ही रुंद होती, पावलागणिक घासली. चौथ्या दिवशी खांद्यावर तळहाताएवढी जखम. माशी बसली की सगळी कातडी थरथरायची. सहा आठवडे गाडी उभी, कर्जाचे हप्ते थकले. वर बोभाटा, की हे जखमी जनावर जुंपतात. तो कुणी केला, ते मला ठाऊक आहे.

एकच गिऱ्हाईक टिकलं. दर रविवारी फेरी घेणाऱ्या बाई. त्या यायच्या, खरारा मागून घ्यायच्या, जखम टाळून पंच्याला घासायच्या आणि जाताना फेरीचे पैसे ठेवायच्या. मी घेतले. नको म्हणण्याची ऐपत नव्हती.

मग त्याच्या मापाची नवी कॉलर करून घेतली. पुढची तेरा वर्षं नीट गेली. सहा-सात आठवड्यांनी नाल बदलायचे, एवढंच. नव्यांना सांगतो, हंगामात घोडा अंगाने उतरतो, माप पुन्हा बघा. कॉलर काढल्यावर घामात कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब पडतोय.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नेहमीच्या चढावर तो आपणहून थांबला. त्याच दिवशी सोडवला. काम बंद, पण लाडापायी मी दाणा चालूच ठेवला. अंगावर चरबी चढली, पुढचे खूर तापले, पाऊल उचलेना. पशुवैद्यांनी मला झाडलं. आता दाणा बंद. दाढा झिजल्यात, वाळका चारा अर्धवट चावून गोळे टाकतो, म्हणून भिजवून देतो. सोबतीला एक म्हातारी गाढवी आहे, ती नजरेआड झाली की खिंकाळतो.

परवा भागीदाराचा निरोप आला. पंच्या बसूनच आहे, तर त्याची कॉलर विकणार का? मी उलट कळवलं, तुझ्या घोड्याच्या मानेचं माप पाठव.

अजून आलेलं नाही.