आमची वाटचाल: एक पुरचुंडी आणि अकराशे बाटल्या

सफरचंदाचा रस गरम करायचा, त्यात दोन लवंगा नि दालचिनीची कांडी टाकायची, यात धंदा तो कसला? पहिल्या दिवशी आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हेच म्हणाले होते. आता तेच भाऊजी थर्मामीटर हातात नसेल तर कोणाला भांड्याजवळ फिरकू देत नाहीत.

सुरुवात जुन्या हातप्रेसवर झाली. किसलेलं फळ जाड कापडात गुंडाळायचं, वर लाकडी जाळी, पुन्हा कापड, पुन्हा जाळी, असे सहा थर रचून स्क्रू आवळायचा. शेवटच्या दोन आट्यांना भाऊजी दांड्याला अक्षरशः लोंबकळायचे. चोथा हातात चुरगळला आणि बोटं ओली झाली नाहीत, की त्यांचं समाधान. तो स्क्रू अजून आमच्या दाराशी उभा आहे. भंगारवाल्याला मी तीनदा परत पाठवलंय.

दुसरं लाडकं हत्यार म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. आमच्याकडे त्याला ‘दुर्बीण’च म्हणतात. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, वाचायचा. बारा आले तरी मी खूश होत नाही, कारण दुर्बिणीला गोडी कळते, आंबटपणा कळत नाही. हे पेय गरमागरम प्यायचं असतं आणि गरम रस जिभेला जास्त गोड लागतो. नुसत्या गोड फळाचा रस तापवला की तिसऱ्या घोटाला कंटाळा येतो. म्हणून तीन वाट्यांना एक वाटी आंबट फळाचा रस, हे आमचं प्रमाण. ते मी कोणापासून लपवलेलं नाही. रस्त्यापलीकडे हेच पेय विकणाऱ्या समोरच्यांपासूनही नाही, आणि तिथेच चुकलं.

समोरच्यांचं नाव घेणार नाही. आमची मलमलची पुरचुंडी त्यांनी पहिल्याच वर्षी उचलली. आम्ही त्यात अख्खा मसाला बांधतो: दालचिनी, लवंग, चक्रीफुलाची एखाददुसरी पाकळी, ठेचलेलं आलं. त्यांनी भरली पूड. पूड रसात विरघळत नाही, कापडातून झिरपते आणि पेल्याच्या तळाशी गाळ होऊन बसते. पण पुरचुंडी लटकताना दिसली की गिऱ्हाईक आत काय आहे ते थोडंच बघतं!

तिसऱ्या हिवाळ्यात मागणी एकदम वाढली आणि मी एक निर्णय घेतला. माझाच होता तो, भाऊजी नको म्हणत होते. रस ८५ अंशांवर बाटलीत भरायचा, झाकण लावून बाटली आडवी करायची, म्हणजे गरम रस झाकणालाही लागतो, हे सगळे करतात. त्यानंतर आम्ही बाटल्या आधी कोमट आणि मग गार पाण्याच्या हौदात सोडत असू. एकदम गार पाण्यात टाकल्या तर काच तडकते. या हौदापायी निम्मा दिवस जायचा. मी म्हटलं, राहू दे हौद, क्रेट भरा आणि बॉयलरच्या भिंतीला छतापर्यंत रचा. गार काय, आपोआप होतील.

बाहेरचे क्रेट झाले गार. मधले कित्येक दिवस उबदारच राहिले.

आठ-दहा दिवसांत तक्रारी यायला लागल्या. औषधासारखा वास येतो म्हणे. झाकण फुगलेलं नाही, बुडबुडा नाही, रंग बदललेला नाही. मी ठरवून टाकलं, लवंग जास्त झाली. लवंग निम्म्यावर आणली. नव्या बाटल्यांनाही तोच वास. तोवर समोरच्यांनी बोभाटा केला होता की आम्ही टिकण्यासाठी रसात औषध घालतो. आमची नेहमीची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडे जाताना मी स्वतः पाहिली आहेत. कोण कोण ते आजही सांगू शकते.

त्या दिवसांत एकच माणूस येत राहिला. निवृत्त दंतवैद्य, आम्ही नुसतं डॉक्टर म्हणतो. त्यांनी बाटली उघडली, नाकाशी धरली आणि तशीच खाली ठेवली.

“ताई, ही लवंग नाही.”

“नाही कशी? मसाल्यात आहे ना.”

“लवंगेचं तेल आणि झिंक ऑक्साइड घोटण्यात माझा जन्म गेला. ही लवंगेची चुलतबहीण असेल, पण लवंग नाही. बिनमसाल्याची बाटली आहे का एखादी?”

साध्या रसाचे दोन क्रेट मागे पडले होते. बाटली उघडली. तोच वास! त्यात तर लवंगेचा कणही नव्हता.

पुढे प्रयोगशाळेतून कळलं ते असं. मातीत अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा जिवाणू असतो. फळाबरोबर त्याचे बीजाणू आत येतात. ८५ अंशांना यीस्ट मरतं, बुरशी मरते, हे मरत नाहीत. आंबट रसही त्यांना चालतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब मिळाली की ते जागे होतात आणि ग्वायाकोल नावाचं औषधासारख्या वासाचं रसायन तयार करतात. अब्जात दोनेक भाग असलं तरी नाकाला कळतं. लवंगेच्या वासाचं मूळ युजेनॉल, आणि त्याच्या रेणूची घडण ग्वायाकोलचीच, फक्त एक शेपूट जास्त. डॉक्टर चुलतबहीण म्हणाले ते शब्दशः खरं निघालं. मी आठवडाभर चोर सोडून त्याच्या नातेवाइकाला धरून बसले होते. जर्मनीत १९८२ साली सफरचंदाच्या रसात याच जातीच्या जिवाणूने गोंधळ घातला होता, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे धंद्यातल्या मोठ्यांना हे ठाऊक होतं. आम्हाला सांगणार कोण?

अकराशे बाटल्या ओतल्या. एकेक झाकण भाऊजींनी उघडलं, मी ओतलं. ते एका शब्दाने “मी सांगितलं होतं” म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. कर्जाचे हप्ते तीन महिने थकले, प्रेस विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून तो वाचला. समोरचे कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या घट्ट रसात, पाणी आणि दालचिनीचा अर्क घालून विकतात. हा जिवाणू कॉन्सन्ट्रेटमध्येही सापडतो, एवढंच नोंदवून ठेवते.

पुन्हा उभे राहिलो. मातीला लागलेलं फळ घेणं बंद केलं, ब्रशने धुणं सुरू केलं, हौद परत आला. बाटली हाताला गार लागल्याशिवाय क्रेटमध्ये जात नाही आणि दोन क्रेटमध्ये वीतभर जागा राहते. त्यानंतरच्या नऊ वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरी करणाऱ्यांसाठी थोडं सांगते, विचारलं नसलं तरी. रस उकळू नका. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच मंद करा आणि वीस मिनिटं तसाच ठेवा. उकळला की ताज्या फळाचा वास वाफेबरोबर जातो आणि शिजलेल्या फळाचा मागे राहतो. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस त्याला खातो. संत्र्याची साल शेवटच्या पाच मिनिटांत, आतला पांढरा भाग खरवडून. पुरचुंडी वेळेवर काढा, रात्रभर राहिली तर लवंग जीभ बधिर करते. दालचिनी पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली घ्या. जाड, टणक, एकाच सालीची येते तो कॅशिया. तो जास्त वेळ राहिला की रस बुळबुळीत होतो, शिवाय त्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त, आणि रोज पिणाऱ्याच्या यकृताला ते बरं नव्हे. आणि कढत पिऊ नका. ६५ अंशांहून गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं आहे. पेला दोन्ही तळव्यांत निवांत धरता आला, की प्या. तोवर वास घ्या. थंडीत निम्मी मजा त्यातच असते.

डॉक्टर अजून हंगामाच्या पहिल्या दिवशी येतात. पेला नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि मी व भाऊजी हातातलं काम थांबवून उभे राहतो. ते पहिला घोट घेतात. मग भाऊजी दुसरं भांडं चढवतात.